एकोणिसाव्या मैलावरची फाटकवाली

ऊना ट्रँटर ब्लेनीच्या निवृत्तांच्या वसाहतीत राहायला आली त्याला चार वर्षं झाली होती. तिथल्या अठ्ठावीस म्हाताऱ्यांना तिच्याबद्दल तीन गोष्टी ठाऊक होत्या. नवरा फार पूर्वी वारला, मूलबाळ नाही, आणि ती चहात दूध घालत नाही. चौथी गोष्ट कुणी विचारली नव्हती आणि आपण होऊन सांगण्याचा तिचा स्वभाव नव्हता. ती जेवायला वेळेवर यायची, खिडकीकडची खुर्ची घ्यायची, जेवण झालं की ताटली स्वतः उचलून ठेवायची. वय शहात्तर, पण पाठ अजून ताठ होती. दारातून कुणी येणार असेल तर ती बाजूला सरकून दार धरून उभी राहायची. सगळ्यांना ते सभ्यपणाचं लक्षण वाटायचं.

जून महिन्यात राणीच्या वाढदिवसाची जोडून सुट्टी येते. त्यातल्या शनिवारी वसाहतीची बस बाथर्स्टला जाणार, छोट्या रेल्वेगाड्यांचं प्रदर्शन बघायला, अशी चिठ्ठी फळ्यावर लागली. ऊनाने ती वाचली आणि पुढे गेली. संध्याकाळी मर्टल ड्रिस्कॉल सूप पिता पिता म्हणाली, "मी तुझं नाव घातलंय हं त्या बसच्या यादीत."

"मला विचारलंस का?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस. म्हणून नाही विचारलं."

मर्टल शेजारच्याच खोलीत राहायची. थोराड बाई, गुडघे कामातून गेलेले, तोंड मात्र अखंड चालू. कुणाची सून कशी, कुणाचं मांजर कुणाच्या गादीवर सापडलं, सगळं तिला पाठ. ऊना ऐकून घ्यायची, म्हणून मर्टल तिला आपली मैत्रीण समजायची. ऊना तिला काय समजायची हे ऊनाने कधी ठरवलं नव्हतं.

"मला आगगाड्या पुरे झाल्यात," ऊना म्हणाली.

"अगं, खऱ्या कुठे आहेत? खेळण्यातल्या आहेत. आणि तिथले चहाबरोबरचे स्कोन चांगले असतात म्हणे."

जून म्हणजे तिथला ऐन हिवाळा; शनिवारी सकाळी गवतावर पांढरं दव गोठलं होतं. बस हळूहळू निघाली. बस चालवणारा व्हिन्स चाळिशीचा, गमत्या माणूस. म्हाताऱ्यांना हात देऊन चढवताना प्रत्येकीला काहीतरी बोलायचा. ऊनाला तो म्हणाला, "ट्रँटरबाई, आज गाडी मी चालवतोय, सिग्नल तुम्ही बघा." ऊना दचकून त्याच्याकडे बघत राहिली. पण तो सहज बोलला होता. तोवर तो पुढच्या बाईकडे वळलाही होता.

प्रदर्शन बाथर्स्टच्या जत्रेच्या मैदानावर, मेंढ्यांच्या लोकरीच्या स्पर्धा जिथे होतात त्या लांबलचक मंडपात होतं. लोकरीचा तेलकट वास लाकडात मुरलेला होता, आणि त्यात आज गरम तारांचा, कॉफीचा आणि ओल्या कोटांचा वास मिसळला होता. दोन्ही बाजूंना टेबलांवर डोंगर, बोगदे, पूल, अख्खी गावं मांडली होती आणि त्यांतून बोटभर उंचीच्या गाड्या फिरत होत्या. पोरं बापांच्या खांद्यांवर बसली होती. टोप्या घातलेले पुरुष हाताची घडी घालून, वाकून, डब्याखालची चाकं बघत होते. मर्टलने दहा मिनिटांत एक चक्कर मारली, "सगळ्या गोल गोलच फिरतात की गं," म्हणाली आणि गुडघ्याचं नाव सांगून चहाच्या टेबलाशी जाऊन बसली. "तू ये बघून. मी आहे इथेच."

ऊना एकटीच पुढे गेली. तिला काही बघायचं नव्हतं. मंडपाच्या दुसऱ्या टोकाला दार होतं, तिथून बाहेर उन्हात जाऊन उभं राहावं असा तिचा विचार होता. दाराच्या अलीकडचा शेवटचा देखावा इतरांपेक्षा साधा होता. ना डोंगर, ना पूल. वाळलेल्या गवताचा पिवळा माळ, मधून एकच रूळ, रुळाला आडवा जाणारा मातीचा रस्ता, एक फाटक आणि फाटकाशेजारी पत्र्याच्या छपराचं दोन खोल्यांचं घर. बघायला कुणी थांबलं नव्हतं.

ऊना थांबली.

घराच्या पुढच्या ओटीला चार खांब होते आणि डावीकडचा खांब जरा कललेला होता. धुराडं विटांचं, वरच्या दोन ओळी नव्या विटांच्या. मागे पाण्याची गोल टाकी, टाकीखाली लाकडी ओंडक्यांचा चौथरा. कपडे वाळत घालायची तार, तिला मधोमध उचलून धरणारी काठी. तारेवर नखाएवढी चादर होती. तारेशेजारी एक बाई उभी होती, गव्हाच्या दोन दाण्यांएवढी, निळं स्वेटर घातलेली, उजवा हात डोक्याच्या वर उचललेला. समोर लावलेल्या पाटीवर लिहिलं होतं: एकोणिसावा मैल, कारूना शाखा, सप्टेंबर १९५९.

ऊनाने टेबलाच्या कडेचा दांडा दोन्ही हातांनी धरला. त्या घरात तिची एकोणीस वर्षं गेली होती.

"जवळ येऊन बघा, काही हरकत नाही," पलीकडून आवाज आला. देखाव्याच्या मागे उंच स्टुलावर साठीचा एक माणूस बसला होता. चष्मा कपाळावर चढवलेला, कोटाच्या खिशात चार पेन्सिली. "नेव्हिल पायकॉट. मी दातांचा डॉक्टर, पण ते पोटासाठी. हे खरं काम. अकरा वर्षं लागली. सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं आहे. एकेक पत्रा मोजून."

"मोजला कसा? घर तर पाडलं," ऊना म्हणाली.

"फोटोवरून. रेल्वेचे जुने नकाशे मिळाले, पण खरा आधार एकाच फोटोचा." तो उत्साहात आला. अशी माणसं ऐकणाऱ्याची वाटच बघत असतात. "फाटकवाल्याचं घर हे. अशा आडरानात फाटक उघडायला-लावायला एक माणूस ठेवायचे, बहुतेक रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमनची बायकोच असायची. आणि ही बघा, हीच ती. गाडीला हात करतेय. लोकांना हे फार आवडतं. बायका तर म्हणतात, किती गोड!"

ऊनाने त्या बाईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"संडास उजव्या अंगाला होता," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही संडास टाकीच्या मागे दाखवलाय. तिथे नव्हता. उजव्या अंगाला, मिरीच्या झाडाखाली. टाकीच्या मागे कोण बांधेल? पाणी प्यायचं असतं त्यातलं."

नेव्हिलने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. "फोटोत टाकीच्या मागे काहीतरी चौकोनी दिसतं."

"कोंबड्यांचं खुराडं."

तो स्टुलावरून उतरला, वळसा घालून पुढे आला आणि ऊनाच्या समोर उभा राहिला. "बाई, तुम्ही तिकडच्या का?"

"मीच ती," ऊना म्हणाली, आणि तिने देखाव्यातल्या बाईकडे बोट दाखवलं.

नेव्हिल पायकॉटचं तोंड उघडंच राहिलं. मग त्याने खिशातून वही काढली आणि मागून खुर्ची ओढून आणली. "बसा. बसा तुम्ही. देवा रे! एक मिनिट, पेन्सिल कुठे गेली..." पेन्सिल त्याच्या कानावर होती. "आधी एक सांगा. हा हात. तुम्ही रोज असा हात करायचात गाडीला?"

ऊनाचे गाल एकदम तापले. ती चटकन म्हणाली, "हात कसला? मॅगपाय होता. सप्टेंबरात घरट्यात पिल्लं असली की डोक्यावर झडप घालतात मेले. त्याला हाकलत होते."

"मॅगपाय!" तो हसायला लागला. "आणि मी अकरा वर्षं लोकांना सांगतोय, गाडीला हात करतेय म्हणून." त्याने वहीत लिहून घेतलं.

मॅगपाय नव्हता. त्या दिवशी एकही पक्षी आडवा आला नव्हता, हे ऊनाला लख्ख आठवत होतं. सिडनीहून रेल्वेची हौस असलेल्या माणसांची खास गाडी जाणार म्हणून तिला आठवडाभर आधी कागद आला होता. क्लॅरीला जाऊन तेरा महिने झाले होते. त्या शाखेवर तेव्हा आठवड्यातून तीन दिवस एका डब्याची रेलमोटर यायची, तिला सगळे पत्र्याचा ससा म्हणायचे, आणि मधूनमधून एखादी मालगाडी. ससा फाटकावर थांबायचा नाही. ऊनाने त्या दिवशी केस धुतले, निळं स्वेटर घातलं, फाटक वेळेआधीच गाडीसाठी उघडं केलं आणि अंगणात येऊन उभी राहिली. सात डबे भरून माणसं आली. प्रत्येक खिडकीत दोन-दोन, तीन-तीन. एवढी माणसं तिने वर्षभरात एकत्र पाहिली नव्हती. आणि तिचा हात वर गेला. तिने ठरवलं नव्हतं. एकोणीस वर्षांत तिने गाडीला कधी हात केला नाही. एक हात फाटकावर, दुसऱ्यात झेंडा, करणार कसा? त्या दिवशी केला. गाडीतली सगळी माणसं पुढे वाकून इंजिनाकडे बघत होती. कुणीच हात केला नाही. गाडी गेली, धूर खाली बसला, तरी तिचा हात थोडा वेळ वरच होता.

हे त्याला कसं सांगायचं?

"खुराड्याला रंग कुठला?" नेव्हिलने विचारलं.

आणि मग त्याने विचारायला सुरुवात केली ती थांबेचना. फाटकाच्या फळ्या चार होत्या की पाच? बिजागरी लोखंडी पट्टीच्या की गोल? ओटीचा खांब कशाने कलला? (लाकडं आणणाऱ्या ट्रकने मागे घेताना धडक दिली, १९५१.) धुराड्याच्या वरच्या विटा नव्या का? टाकीला किती कड्या? दिवा कुठल्या खांबाला टांगायचात? रॉकेलचा की कार्बाइडचा? ऊना उत्तरं देत गेली. तिला स्वतःलाच नवल वाटत होतं. सगळं जागच्या जागी होतं, तिनं नुसता हात घालायचा आणि काढायचं. इतके प्रश्न तिला गेल्या तीस वर्षांत कुणी विचारले नव्हते. मिरीचं झाड सांगताना तिला त्याचा वाससुद्धा आला. तिचा आवाज हळूहळू मोकळा झाला, हात हलायला लागले. एक जोडपं कडेला थांबून ऐकायला लागलं, तेव्हा तिने सरकून त्यांना जागा करून दिली.

"तुमचे यजमान गँगमध्ये होते?"

"क्लॅरी. हो. बारा वर्षं. इथेच, या रुळांवर." तिने बोटाने रूळ दाखवले. मग तिचं बोलणं थांबलं नाही. तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं, सांगायचं कुणाला? "अठ्ठावन्नचा ऑगस्ट. पाऊस चार दिवस लागलेला, रस्त्याला गुडघाभर चिखल. दुपारी बाराला तो कामावरून चालत आला आणि ओटीवर बसला. छातीत दुखतंय म्हणाला. तोंड राखेसारखं. टेलिफोनची तार वादळाने पडलेली. डॉक्टर एकतीस मैलांवर. पावणेतीनची मालगाडी गावाकडे जाणारी होती. मी लाल झेंडा घेतला, फाटक रुळावर आडवं तसंच ठेवलं आणि रुळांच्या मधे जाऊन उभी राहिले."

"गाडी थांबली?"

"थांबली. माझ्यापासून या टेबलाएवढी लांब. ड्रायव्हर शिव्या देतच उतरला, मग क्लॅरीला बघून गप्प झाला. दोघा-तिघांनी उचलून गार्डाच्या डब्यात घातलं. क्लॅरी म्हणाला, 'तू चल.' पण पाच वाजता लोकरीची गाडी यायची होती. फाटक कोण उघडणार? दुसरं माणूस नव्हतं. मी म्हटलं, 'तू हो पुढे, उद्या ससा थांबवून येते.' फाटक उघडलं. गाडी गेली. पाचची गाडीही वेळेवर काढली मी." ऊनाने टेबलाचा दांडा पुन्हा धरला. "तो गावात पोचलाच नाही. मला दुसऱ्या दिवशी सशाचा ड्रायव्हर सांगायला थांबला. तेवढ्यासाठी पहिल्यांदा थांबला तो."

ऐकणारं जोडपं केव्हाच सरकलं होतं. नेव्हिल पेन्सिल हातात धरून तिच्याकडे बघत होता. त्याने एकदा खोल श्वास घेतला. त्याच्या डोळ्यांत खरोखरच काहीतरी हललं.

"त्या मालगाडीला," तो हलक्या आवाजात म्हणाला, "इंजिन कुठलं होतं?"

ऊनाने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. राग येईल असं तिला वाटलं होतं, पण आला नाही. ती रुळांच्या मधे उभी होती आणि ते काळं धूड वाफ सोडत तिच्यावर येत होतं आणि त्याच्या कपाळावर आकडे होते. ते ती कशी विसरेल?

"तीन शून्य आठ एक," ती म्हणाली.

"तीस एक्क्याऐंशी! कारूना शाखेवर! ऑगस्ट अठ्ठावन्न!" त्याने दोनदा अधोरेखित केलं. "आमच्या मंडळात यावरून किती वर्षं भांडण चाललंय तुम्हाला कल्पना नाही. ते इंजिन छप्पन्नलाच तिथून गेलं असं सगळे म्हणतात. तुम्ही नक्की..."

"माझ्या तोंडासमोर होतं ते."

"अर्थात, अर्थात." मग त्याला बहुधा काहीतरी जाणवलं असावं. त्याने वही मिटली, चष्मा पुसला. "वाईट झालं हो," तो म्हणाला. "फार वाईट झालं."

दोघंही थोडा वेळ गाडीकडे बघत राहिले. छोटी गाडी पडद्यामागून यायची, फाटकातून जायची, दुसऱ्या पडद्यामागे नाहीशी व्हायची आणि चार मिनिटांनी पुन्हा पहिल्या पडद्यातून यायची. फाटक रस्त्याला कायमचं आडवं होतं. फाटकापाशी लोकरीच्या गासड्यांनी भरलेला हिरवा ट्रक उभा होता.

"हा ट्रक कधीपासून उभा आहे?" ऊनाने विचारलं.

"म्हणजे? चिकटवलेला नाही, पण ठेवलाय तसाच. सुरुवातीपासून."

"अकरा वर्षं?"

"तशी... हो."

"मग त्याला जाऊ द्या की! फाटक हलत नाही का?"

"हलतं. खाली खटका आहे. पण दर गाडीला उघड-झाक कोण करणार? मी एकटाच असतो."

"एकटं असलं म्हणून काय झालं?" ऊना म्हणाली. तिच्या आवाजातला करडेपणा तिलाच ऐकू आला.

नेव्हिल हसला. त्याने तिला मागे नेलं, स्टुलावर बसवलं आणि खटका दाखवला. वर केला की फाटक रुळावर आडवं, रस्ता मोकळा. खाली केला की रस्ता बंद, गाडी मोकळी. ऊनाने दोनदा करून पाहिलं. फाटक झटक्यात हलायचं, खऱ्यासारखं कुरकुरत नव्हतं. तिने बोटाने ट्रक ढकलून पलीकडे नेला. मग गाडीची चाहूल लागायच्या आत फाटक गाडीसाठी उघडलं.

"आधी का? गाडी अजून आलेली नाही," नेव्हिल म्हणाला.

"आल्यावर उघडून काय उपयोग?"

त्याला भूक लागली होती. सकाळपासून जागचा हललो नाही, म्हणाला. पंधरा मिनिटं सांभाळाल का? अडचण आली तर हे लाल बटण. आणि तो गेला.

ऊना फाटकापाशी राहिली. गाडी येई, ती फाटक उघडी, गाडी जाई, ती फाटक लावून ट्रक अलीकडे आणी, पुन्हा पलीकडे नेई. चार मिनिटांत दोन कामं. खऱ्या फाटकावर दोन गाड्यांच्या मधे दिवस जायचा. तिथे ती कोंबड्यांना दाणे टाकायची, चादरी धुवायची, ओटीवर बसून माळाच्या टोकाकडे बघायची. तिकडून दोन दिवसांत एखादी मोटार आली तर आली. मोटारवाला हॅट उचलायचा, कधी पिशवीभर संत्री देऊन जायचा. त्यावर तिचे आठ दिवस निघायचे. इथे समोरून माणसं जात होती, शेकड्यांनी. ती थांबत, देखाव्याकडे बघत, "फाटक हलतं बघ," असं आपल्या पोरांना सांगत आणि पुढे जात. मागे स्टुलावर कुणी बाई बसलीय हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. एका मुलीने मात्र विचारलं, "आजी, ती बाई हात का वर करतेय?"

"तूच सांग बरं, का?"

मुलीने विचार केला. "कुणीतरी यावं म्हणून."

तिच्या आईने तिला पुढे ओढलं. ऊनाने फाटक उघडायला क्षणभर उशीर केला आणि गाडी फाटकाला टेकून थांबली. चाकं जागच्या जागी फिरत राहिली.  ऊनाने लाल बटण दाबलं, मग फाटक सरळ केलं, बटण सोडलं. गाडी निघाली. कुणी पाहिलं नव्हतं. तरी पुढची गाडी येण्याआधी तिने खटका दोनदा तपासला.

पंधरा मिनिटांचा तास झाला. नेव्हिल आला तो सॉसेज रोल खात, बरोबर कागदात बांधलेला लॅमिंग्टन, खोबऱ्यात घोळवलेला केक, घेऊन. "मंडळातली माणसं भेटली. तीस एक्क्याऐंशीचं सांगत बसलो. अगदी गप्प झाले सगळे!"

"तुम्ही पंधरा मिनिटं म्हणाला होतात."

"चुकलं. हे तुमच्यासाठी." लॅमिंग्टन तिच्या हातात देऊन तो शेजारी उभा राहिला. ती दर वेळी ट्रक ढकलत होती ते तो बघत होता. जरा वेळाने म्हणाला, "खरं सांगू? तो फोटो मीच काढलेला. बावीस वर्षांचा होतो. तिसऱ्या डब्याच्या खिडकीत. बाकीचे सगळे इंजिनाकडे कॅमेरा लावून होते. मला ही बाई दिसली. मला वाटलं, ही आपल्यालाच हात करतेय. आणि माझे दोन्ही हात कॅमेऱ्यात अडकलेले. मी फोटो घेतला आणि गाडी पुढे गेली. नंतर सारखं वाटायचं, अरे, हात करायला हवा होता. एक फोटो नसता घेतला तर काय बिघडलं असतं?" तो हसला. "म्हणून तर घर बांधायला घेतलं मी. आणि इकडे होता मॅगपाय! सदतीस वर्षं उगाचच मनाला लावून घेतलं."

ऊनाच्या तोंडात लॅमिंग्टनचा घास होता.  ती त्याच्याकडे वळली. सांगावं. आत्ता सांगावं. एक वाक्य तर होतं.

पण गाडी येत होती. तिने खटका खाली केला.

"ट्रँटरबाई!" गर्दीतून व्हिन्स हात हलवत आला. "अख्खा मंडप पालथा घातला मी! सगळे बसमध्ये जाऊन बसलेत. तुमच्याशिवाय निघालो असतो तर मर्टलबाईंनी मला फाडून खाल्लं असतं. चला, चला!"

ऊना स्टुलावरून उतरली. नेव्हिलने वही पुढे केली. "तुमचं नाव राहिलंच." तिने सांगितलं, त्याने अक्षरं विचारून विचारून लिहून घेतलं. मग म्हणाला, पुढच्या वर्षी खुराडं जागेवर असेल, संडास झाडाखाली असेल, आणि तारेच्या टोकावर मॅगपाय बसवीन.

"बसवा," ऊना म्हणाली.  व्हिन्सने तिचा दंड धरला होता. दारातून तिने मागे वळून पाहिलं. नेव्हिल खटक्याकडे बघत उभा होता. मग फाटक रस्त्याला आडवं तसंच ठेवून तो खिशातले बटाट्याचे काप खायला बसला.

बसमध्ये सगळे मागच्या बाकांवर गप्पा मारत होते. मर्टल पुढे एकटीच खिडकीशी बसली होती आणि बाहेर बघत होती. ऊना पलीकडच्या बाकावर बसायला निघाली.

"कुठे होतीस?" मर्टल म्हणाली. तोंड वळवलं नाही.

"मागच्या बाजूला. एकाशी बोलत बसले."

"मी तीन तास त्या चहाच्या टेबलाशी. दोन स्कोन मागवले होते, एक तुझा. तो गार झाला. मग मीच खाल्ला." तिने नाक ओढलं. "समोरच्या खुर्चीवर कुणी बसायला आलं की मी म्हणायचे, माझी मैत्रीण यायचीय. तीनदा म्हणाले. चौथ्यांदा ती मुलगी खुर्ची उचलून घेऊनच गेली."

ऊना अर्धवट वाकलेली तशीच उभी राहिली. व्हिन्सने गाडी सुरू केली, तिचा तोल गेला आणि ती मर्टलच्या शेजारीच बसली. मर्टलच्या मांडीवर पर्स होती आणि पर्सवर तिचे सुजलेले हात. हे हात ऊनाने चार वर्षं रोज जेवणाच्या टेबलावर पाहिले होते. पण या बाईने आयुष्यभर काय केलं, कुठे राहिली, हे तिला माहीत नव्हतं. मर्टल सतत बोलायची, पण ते नेहमी दुसऱ्यांबद्दल.

गाव मागे पडलं. चेरीच्या बागा उघड्या पडल्या होत्या, काड्यांच्या रांगा नुसत्या.

"मर्टल," ऊना म्हणाली, "तू ब्लेनीच्या आधी कुठे होतीस?"

मर्टलने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. जणू काही भलतंच ऐकलं.

"लिथगोला. लाँड्रीच्या वर एक खोली होती. तेरा वर्षं."

"एकटीच?"

"शेवटची सहा." मर्टल पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. "ते नको विचारूस."

 ऊनाच्या कोटाच्या खिशात अर्धा लॅमिंग्टन कागदात गुंडाळलेला होता. तो तिने काढला, मोडून त्याचे दोन भाग केले. खोबऱ्याचा चुरा दोघींच्या कोटांवर सांडला. मर्टलने तिचा भाग घेतला. तिने तो दोन घासांत संपवला आणि बोटं पर्सवर पुसली. किंग्ज प्लेन्सच्या चढाला बसने वेग कमी केला तेव्हा तिला झोप लागली. तिचं डोकं घसरत घसरत ऊनाच्या खांद्यावर आलं. जड होतं. ऊनाने खांदा हलवला नाही. ब्लेनीपर्यंत ती तशीच ताठ बसून राहिली, समोरच्या काचेतून रस्ता बघत.